कॅन्टीनचं रीडिंग
पावणे गावातल्या एका रसायनांच्या कारखान्यात बाबांनी तीस वर्षं काढली. दर तासाला यंत्राचं तापमान आणि दाब बघून आकडे कागदावर उतरवायचे, हे त्यांचं काम. काही जण कॅन्टीनमध्ये चहा पीत आठ तासांचे आकडे एकदम भरून टाकत. बाबा त्याला 'कॅन्टीनचं रीडिंग' म्हणत आणि तसं करणाऱ्याशी आठवडा-आठवडा बोलत नसत. यावरून आम्ही घरी त्यांची भरपूर थट्टा केली आहे.

पोटाचा कॅन्सर कळला तेव्हा तो यकृतापर्यंत गेला होता. केमो फसली. मग एका इस्पितळात नव्या गोळीची चाचणी चालू असल्याचं कळलं. गाठीत एक ठरावीक दोष असेल तरच ही गोळी चालते, ती त्याच पेशी हेरून मारते, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. बाबांच्या गाठीत तो दोष सापडला, तेव्हा मी जुईनगरच्या आमच्या घरी पेढे आणले. कॅन्सरच्या रिपोर्टवर पेढे! पण आम्हाला खरंच आनंद झाला होता.

गोळीबरोबर एक डायरी मिळाली. गोळी किती वाजता घेतली, उलट्या किती, जुलाब किती, सगळं रोज लिहायचं. "तुमचं अक्षर कोणाला लागणार?" म्हणून ती मी ताब्यात घेतली. तिसऱ्या आठवड्यात पोटात पाणीही ठरेना. उलट्या वाढल्या तर गोळी थांबवावी लागेल, हे नर्सने आधीच सांगितलं होतं. माझ्या डोक्यात तेवढंच बसलं. चार दिवस मी 'उलटी : नाही' असं लिहिलं.

तपासणीला डॉक्टरीणबाईंनी डायरी चाळली. "छान सोसतंय काकांना. ठरल्याप्रमाणे डोस वाढवू या."

मी मान डोलावली. ते आठवलं की आजही मला माझी किळस येते.

बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पट्टीने आखलेले रकाने, तारीख, वेळ. चार दिवसांच्या अकरा उलट्या.

"म्याडम, हे खरं हाय. पोरीनं भीतीनं तसं लिवलं, तिला काय बोलू नका."

गोळी त्याच दिवशी थांबली. परतताना रिक्षात, सानपाड्याच्या सिग्नलला, मी त्यांच्यावर ओरडले, "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"माज्या मागनं येनाऱ्याला ह्याच आकड्यांवरनं डोस देनार," बाबा म्हणाले. "त्याला कॅन्टीनचं रीडिंग देऊ?"

पंधरा दिवसांनी गोळी कमी डोसवर पुन्हा सुरू झाली, पण तोवर आजार वाढून पोटात पाणी भरायला लागलं होतं. पावसाळ्याआधी बाबा गेले. मधल्या त्या पंधरा दिवसांनी किती फरक पडला, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. बाबांचं बरोबर होतं, हे मला कळतं. पण मला बाबा हवे होते.