तिसऱ्या हाकेला ओ

शनिवारी दुपारी मी कुठे जाते, हे हल्ली मी चटकन सांगत नाही. "ज्यांच्यावर वाईट प्रसंग आलेत अशा मुलींना भयकथा लिहायला शिकवते," असं म्हटलं की समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवतो. मग त्याची समजूत घालायला एक किस्सा सांगावा लागतो. त्या किश्श्यानं तो जास्तच घाबरतो, म्हणून दुसरा सांगावा लागतो. चहा निवतो, किस्से काही संपत नाहीत.

तर आधी थोडं मागचं. मी तळेगावातल्या एका शाळेत मराठी शिकवते. परंदवडीच्या पुढे मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथे दर शनिवारी निबंध शिकवायला जाऊ लागले. मुली तेरा ते सोळा वर्षांच्या. कुणाला घर नाही, कुणाला घर आहे पण तिथे राहण्यासारखं नाही. त्यातली मनीषा आंदर मावळातली. दोन पावसाळ्यांपूर्वी तिच्या घरावर दरड आली. आई गेली, मनी वाचली. तेव्हापासून ती जवळजवळ बोलतच नव्हती.

अधीक्षक पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मॅडम, बाकीच्या लिहितील हो काहीतरी. हिनं एक ओळ लिहिली तरी पुष्कळ झालं." ते मी मनावर घेतलं, आणि तिथूनच सगळी फजिती सुरू झाली.

*

पहिला विषय मी दिला, 'माझे घर'. पंचवीस वर्षं हाच विषय देत आलेय, हात आपोआप फळ्यावर गेला.

वह्या कोऱ्या परत आल्या. एकीनं तेवढं लिहिलं होतं : 'जळाले.' शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती.

दुसऱ्या शनिवारी मी शहाणपणानं विषय बदलला. 'पावसाळ्यातील एक दिवस.' मनी उठली आणि वर्गाबाहेर निघून गेली. मला माझीच इतकी लाज वाटली की खडू हातातच राहिला.

तेव्हा मागच्या बाकावरून कांचन बोलली. कांचन भुशीकडची, वर्गाची बिनविरोध पुढारी. "बाई, भुताची गोष्ट घ्या की. त्यात निदान काय खरं नसतंय."

भयकथेचा वर्ग सुरू झाला तो असा.

*

पहिली गोष्ट मीच सांगितली. लोणावळ्यातला बंद बंगला, धुकं, जिन्यावर पांढऱ्या साडीतली बाई. आवाज खाली आणून, थांबत थांबत, चांगली रंगवून सांगितली. मुलींनी शांतपणे ऐकून घेतली.

कांचननं हात वर केला. "बाई, ती भुताची बाई कुणाला मारती का?"

"नाही. नुसती दिसते."

"दारू पिती?"

"नाही गं."

"शिव्या?"

"छे."

"मग भ्यायचं कशाला? ऱ्हाऊ द्या की तिला."

सगळ्या मुलींनी माना डोलावल्या. एकीचं म्हणणं पडलं की बंगला एवढा मोठा आहे, तर आपणही जाऊन राहावं. त्यानंतर प्रत्येक गोष्टीला कांचनचा शेरा ठरलेला असे : "भ्या न्हाई वाटलं." माझ्या लाल पेनापेक्षा मुली त्या शेऱ्याला जास्त वचकून असत.

*

हजेरीचा घोळ निराळाच. "मनीषा" म्हटलं की मनी समोर बसून माझ्याकडे बघायची आणि ओ द्यायची नाही. दोन शनिवार मी समोर बसलेल्या मुलीची गैरहजेरी मांडली.

शेवटी कांचननं माझ्या अज्ञानाची कीव केली. "बाई, तुमी तिला एकदाच हाक मारताय. आमच्याकडं धुक्यात, अंधारात कुणी हाक मारली तर लगेच ओ देत न्हाईत. भूत दोनदाच हाक मारतंय. तिसरी हाक आली की समजायचं माणूस हाय."

"पण आत्ता दुपार आहे. लख्ख ऊन आहे."

"तुमाला ऊन दिसतंय. तिला रिस्क घ्यायची न्हाई."

मग मी तिच्या नावाला तीन हाका मारू लागले. तिसरीला बरोबर उत्तर यायचं, "ओ." कित्येक महिने तिच्या तोंडून मी ऐकलेला तो एकुलता एक शब्द. एकदा अधीक्षक व्हरांड्यातून जाताना थबकले. समोरच्या बाकावरच्या मुलीला मी तीनतीनदा हाका मारतेय हे त्यांनी पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, शाळेत फार काम पडतंय का?"

*

हे अधीक्षक सज्जन माणूस. वरून पाहणी होणार म्हटल्यावर मात्र त्यांचा धीर सुटला. ते वर्गात आले आणि म्हणाले, "भयकथा जरूर लिहा. फक्त त्यात मरण नको, रक्त नको, अंधार नको. आणि वाचून कुणाला भीती वाटता कामा नये."

मुलींनी मिळून तशी कथा लिहिली. 'आदर्श भूत'. ते सहाला उठतं, थंड पाण्यानं आंघोळ करतं, प्रार्थनेला पहिल्या रांगेत बसतं, ताटात भाजी टाकत नाही. अधीक्षकांना ती इतकी आवडली की त्यांनी सूचनाफलकावर लावली.

स्वयंपाकाच्या सखू मावशींनी ती एका मुलीकडून वाचून घेतली. मग त्या माझ्याकडे आल्या. "बाई, सहाला उटतंय? ह्या हॉस्टेलात? कुनी न उटवता?"

"हो, मावशी."

"माझ्या अंगावर काटा आला बगा."

कांचननं ही दाद मोठ्या मनानं स्वीकारली.

*

एकदा कुठल्याशा कंपनीतली मंडळी दप्तरं वाटायला आली. त्यांच्यातल्या एका उत्साही मुलीला भयकथांचं फार कौतुक वाटलं. "वाव! मग सांगा बघू, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

पुढच्या बाकावरची दीक्षा म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीची."

कंपनीची मंडळी खो खो हसली. सुट्टीला कोण घाबरतं! दीक्षाला सुट्टीत घरी पाठवतात, आणि घरी कोण आहे हे आम्हाला माहीत होतं. मला अजिबात हसू आलं नाही. वर्गात कुणीच हसलं नाही. पण पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून शेवटी कांचन एकटी हसली. त्यांनी काढलेल्या फोटोत ती तशीच आली आहे.

त्या वर्षी मी अधीक्षकांशी भांडले आणि दीक्षा दिवाळीला सखू मावशींकडे राहिली. दोघींनी मिळून केलेल्या चकल्या मला दिल्या होत्या. दातांना जड गेल्या, पण संपवल्या.

*

आणि हा परवाचा किस्सा.

आदल्या शनिवारी मी तंत्र शिकवत होते. "भूत लगेच दाखवायचं नाही. वाट बघायला लावायची. येणार येणार असं वाटतं आणि येत नाही, त्यात खरी भीती असते." मनीनं मान वर केली. बाकी काही नाही, फक्त मान वर केली.

परवा हजेरी झाल्यावर ती आपणहून उठली. हातात वहीचं एक पान होतं. ती वाचू लागली.

"पोरगी गोठ्यात हुती. सकाळ हुती, पन धुक्यात घर दिसत नव्हतं. घराकडनं आईची हाक आली, मने. पोरगी गप बसली. परत हाक आली, मने. पोरगी म्हनली, आता तिसरी आली की ओ द्यायची. ती वाट बघत बसली. मग डोंगराचा आवाज झाला. तिसरी हाक आली न्हाई. पोरगी अजून वाट बघती."

पान संपलं. ती उभीच राहिली. माझ्या हातात लाल पेन होतं, त्याला मी टोपण लावलं.

सवयीनं सगळ्यांनी मागे वळून कांचनकडे पाहिलं. शेरा तिचाच असतो. ती बराच वेळ बाकावर नख घासत बसली होती.

मग अंगणापलीकडून कुणाला बोलवावं तसा आवाज चढवून ती म्हणाली, "मने."

एकदाच.

मनी म्हणाली, "ओ."