चिनी मास्तरांचं 'एक्सलंट'

चिनी मास्तर अंगावर ओरडले, की विद्यार्थ्याने समजावं आपलं नशीब उघडलं. पण कुवेतच्या पोरांना हे सांगणार कोण?

विद्यापीठाच्या काँक्रीट लॅबमध्ये मी टेक्निशियन. मास्तर तिथे इंजिनिअरिंग शिकवायला चीनहून आले होते. समोर आम्ही त्यांना डॉक्टर म्हणायचो. 'चिनी मास्तर' हे महबूल्यात, आमच्या वस्तीत, घरी नवऱ्याशी बोलताना. सडपातळ माणूस, बाहेर ऊन रणरणत असताना आत बसून वाफाळतं पाणी पिणारा. मला त्यांचं भारी कुतूहल. ज्याच्यात दम दिसे, त्याच्या आराखड्यावर ते तुटून पडत. बाकीच्यांना नुसतं 'ओके'. याचं मात्र मला नवल नव्हतं. सांगलीला आमचे अण्णा माझ्या पहिल्या नंबरालाही 'बरं झालं' म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

सगळ्यात जास्त बोलणी खायची रुमैथिया भागातली नूरा. ही तुळई तू स्वतःच्या घरावर घालशील का, असं त्यांनी तिला भर वर्गात विचारलं होतं. बाई फणकारल्या, आणि दुसऱ्या दिवशी नवा आराखडा घेऊन हजर!

इतरांनी मात्र वर्षअखेरीच्या अभिप्रायात मास्तरांचे वाभाडे काढले. विभागप्रमुख भले गृहस्थ. त्यांनी कॉफी पाजून बजावलं, की पुन्हा असे शेरे आले तर करार वाढणार नाही, जरा कौतुक करत जा. मास्तर हादरले. त्यांची मुलगी इथल्या शाळेत रमली होती. तिची शाळा इथेच पुरी व्हावी, ही त्यांची एकच इच्छा होती.

मग मास्तर कौतुक शिकू लागले, आणि सरावाला सापडले आम्ही. काँक्रीटचा ठोकळा साच्यातून काढला, 'एक्सलंट'. फरशी पुसली, 'एक्सलंट'. माझ्या बेसनाच्या लाडवाला तर तो तोंडात जायच्या आधीच. वर्गातही सरसकट तेच. पोरं खूश. मला गंमत वाटायची, नि जरा कीवही यायची.

एक दिवस नूरा लॅबमध्ये आली नि स्टुलावर मटकन बसली. डोळे भरलेले. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "डॉक्टर मला एक्सलंट म्हणाले. आराखडा नीट बघितलासुद्धा नाही. माझ्याकडून आता काही आशाच नाही का त्यांना?"

मास्तर दारातच उभे होते. ते आत आले, तिचा आराखडा माझ्या टेबलावर पसरला नि लाल पेन काढलं. मग तिची अशी खरडपट्टी काढली, की आराखड्यावर लाल शाईच जास्त दिसू लागली. नूरा भराभरा लिहून घेत होती, आणि चेहरा हा असा फुललेला.

ती गेल्यावर मला राहवेना. "डॉक्टर, आणि करार?"

"मिस कल्पना, माझ्या मुलीला मी समजावेन," मास्तर पेनाला टोपण लावत म्हणाले. "हिची तुळई पडली तर कुणाकुणाला समजावू?"

एक्सलंट त्या दिवसापासून बंद. आणि करार काही वाढला नाही.

जायच्या आदल्या दिवशी मी लाडू घेऊन गेले. मास्तरांनी एक उचलला, सावकाश खाल्ला. मी आपली शेवटच्या एक्सलंटची वाट बघत उभी.

"फार गोड आहे," मास्तर म्हणाले. "पीठ अजून भाजायला हवं."

इतका चांगला माणूस सोडून चालला होता, वाईट वाटत होतं, आणि तरी मला आनंद लपवता येईना.

हल्ली मी बेसन चांगलं खरपूस भाजते, साखर हात राखून घालते. महबूल्यात सगळे म्हणतात, लाडू फार छान झालेत. कुणी चूक म्हणून काढत नाही.