भिंतीएवढे बाबा

डीव्हीडी नवी नवी होती तेव्हाची गोष्ट. परदेशातल्या एका मोठ्या प्रदर्शनात भारताचं दालन उभं राहणार होतं आणि त्यातल्या एका अंधाऱ्या खोलीचं काम नाशिकच्या आम्हा चौघांना मिळालं. तीन भिंतींवर सहा प्रोजेक्टरांनी एकच सलग चित्र पाडायचं, आवाज चहूबाजूंनी. माणूस आत शिरला की थेट शेतातच उभा. शेत कुठलं, तर आमचंच, मखमलाबादचं. दसऱ्याच्या तोंडावर झेंडू ऐन भरात असताना मी तिथं शूटिंग केलं. डोक्यावर फुलांची पाटी घेऊन सरीतून चालत येणारा शेतकरी म्हणून वडिलांनाच उभं केलं. नट शोधायला जातो कोण?

तेव्हापासून बाबांचा एकच धोशा. मी भिंतीएवढा कसा दिसतो ते बघायचंय. कॉम्प्युटरवर दाखवलं तर म्हणाले, "हे तर बोटाएवढं हाय. मोठं कवा दाखवतो?"

चाचणीसाठी गंगापूर रोडचं एक मंगल कार्यालय घेतलं. पौष होता, लग्नं बंद, हॉल रिकामा. खिडक्यांना काळे पडदे ठोकून आठ दिवस आम्ही तिथंच होतो. दोन प्रोजेक्टरांची चित्रं जिथं मिळतात तिथं एक उजळ पट्टा दिसायचा, तो काही केल्या जाईना. बाबा रोज विचारायचे. मी रोज सांगायचो, पुरं झालं की मी स्वतः न्यायला येतो. अर्धवट काम कुणाला दाखवायचं नाही, हा माझा माज. माजच, दुसरा शब्द नाही त्याला.

सातव्या दिवशी सकाळी बाजारात फुलं देऊन ते परस्पर तिथं आले. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. लग्नाच्या हॉलची सवय, म्हणून चपला दाराशी काढल्या आणि अनवाणीच आत शिरले. अंधारात पाय वायरीत अडकला, एक प्रोजेक्टर जागचा हलला. दोन दिवस खपून जुळवलेलं चित्र पार वाकडं झालं. माझं डोकंच सटकलं. "तुमचं काय काम होतं इथं? दार लावा आधी." चारचौघांत हे बोललो मी, बापाला.

"नाय, म्हटलं बघून जावं," ते म्हणाले. "चालू दे तुझं." आणि दार हळूच ओढून घेतलं. नंतर चहाला बाहेर आलो तर वॉचमन म्हणाला, तुमचे वडील बराच वेळ पायरीवर बसले होते. मी काय केलं? चहा प्यायलो आणि परत आत गेलो.

दुसऱ्या दिवशी पट्टा एकदाचा गेला, तर माल न्यायला ट्रक दारात हजर, ठरल्यापेक्षा लवकर. सगळं भराभर पेट्यांत भरलं. परदेशी निघताना घरी पाया पडलो, म्हणालो, परत आलो की दाखवतो. "दाखव की, घाई नाय," बाबा म्हणाले.

प्रदर्शन सुरू होऊन दोनेक महिने झाले असतील. सकाळी दालन उघडायच्या आधी भावाचा फोन आला. बाबा मळ्यातच वारले. छातीत कळ आली म्हणून बांधावर बसले, ते उठलेच नाहीत. तू पोचेपर्यंत थांबता येणार नाही, भाऊ म्हणाला. खरंच होतं ते. यंत्रणा चालवणारा तिथं मी एकटाच आणि दाराबाहेर रांग लागलेली. मी बटण दाबलं.

भिंतींवर झेंडू पसरला. लांबून बाबा चालत आले, दोन पुरुष उंच, घामाने भिजलेले. परकी माणसं आपोआप मागं सरून त्यांना वाट देत होती. मी कोपऱ्यात उभा राहून रडत होतो. दर पंधरा मिनिटांनी ते पुन्हा येत होते आणि संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो, एकदा तरी बघतील म्हणून. शूटिंगच्या वेळी मीच त्यांना दरडावलं होतं, बाबा, कॅमेऱ्याकडे अजिबात बघायचं नाही, मी इथं नाहीच असं समजा. त्यांनी माझं तंतोतंत ऐकलं होतं. नजर सरीवर ठेवून ते माझ्या शेजारून निघून जात होते.