मोहर नावाची हाक

बागेतल्या घसरगुंडीपाशी एका बाईनं हाक मारली, "मोहर, आधी चप्पल घाल!" आणि मी झटकन वळले. पिवळ्या फ्रॉकमधली एक चिमुरडी होती.

मोहर माझा धाकटा भाऊ. तो व्हायच्या आधी दारचा आंबा मोहरला, तेव्हाच अण्णांनी ठरवून टाकलं होतं, मुलगा होवो नाहीतर मुलगी, नाव मोहर. बारशाला बायका हसल्या होत्या. अख्ख्या तालुक्यात दुसरा मोहर नव्हता. कॉलेजात असताना तो घरातून निघून गेला, तेव्हा आई त्याच भरवशावर राहिली. म्हणायची, "असलं नाव लपत नाही गं. कुठंतरी कुणी हाक मारेल आणि आपल्याला कळेल."

आता मेलं हेच नाव फॅशनचं झालंय. बालवाडी म्हटली की एक मोहर असतोच. कुठं मुलगा, कुठं मुलगी, पण सगळे दुधाच्या दातांचे. आमचा असलाच तर त्याचे केस पिकले असतील. माणूस हरवला होता, निदान नाव तरी आमचं एकट्याचं होतं. गर्दीत तेही हरवलं.

आज मात्र राहवलं नाही. बाकावरून उठले आणि घसा फुटेस्तोवर ओरडले, "मोहर!"

फिरायला आलेल्या पिकल्या केसांपैकी एकही डोकं वळलं नाही. घसरगुंडीच्या टोकावरून ती चिमुरडी तेवढी म्हणाली, "ओ!"

इतक्या वर्षांत माझ्या हाकेला आलेली ही पहिली ओ.