बोरवाडीचं अर्धं चाक

फकरोद्दीन मिस्तरींनी तरुणपणी ज्या जीपा कापल्या, त्याच ते म्हातारपणी शिवत बसलेत. हे वाक्य त्यांच्या बायकोचं, रहिमुन्निसाबींचं; सगळे त्यांना नुसतं बी म्हणतात. त्या असं बोलल्या की मिस्तरी चष्मा पुसायला घेतात.

गोष्ट खरीच आहे. लष्करानं लिलावात काढलेल्या जुन्या जीपा एकेकाळी अंबड-घनसावंगी रस्त्यावर माणसं वाहायच्या. पेट्रोल परवडेना झालं तसे मालक त्या घेऊन अंबडला मिस्तरींच्या गॅरेजात यायचे. मिस्तरी मूळ इंजिन उपटून डिझेलचं बसवायचे, सांगाडा कापून लांब करायचे आणि मागं अशा फळ्या ठोकायचे की आख्खं वऱ्हाड मावावं. निघालेलं सामान मागेल त्याला. कुणी पेट्रोलचा डबा बियाणं ठेवायला नेला, कुणी बॉनेट म्हशीला पाणी पाजायला. ओरिजिनल हा शब्द तेव्हा फक्त शाळेच्या दाखल्याला लावत.

मग दिवस फिरले. संभाजीनगरचा कल्याण नावाचा एक तरुण, जुन्या फौजी गाड्यांचा वेडा, गॅरेजात आला आणि कोपऱ्यात कोंबड्यांनी बळकावलेली मिस्तरींची स्वतःची जीप पाहून जागेवरच खिळला. "चाचा, ही महायुद्धातली गाडी आहे. होती तशी करा. सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनात उभी करू." मिस्तरी हसले. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. जन्मभर त्यांनी गाड्या चालत्या केल्या होत्या, पुरी अशी एकही केली नव्हती. एक तरी गाडी पुरी करून डोळे मिटावेत, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि मिस्तरींच्या मनानं घेतलं की ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

सामान कुठं गेलं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांनीच वाटलेलं. मोटारसायकल काढून ते गावोगाव हिंडू लागले. जीपचा जॅक एका घरात वाकलेल्या तुळईखाली टेकू म्हणून उभा होता. समोरचा बंपर एका गोठ्याची दावण झाला होता. सगळ्यात जास्त दमवलं ते चाकाच्या पान्यानं. मूळ पाना हवा म्हणून मिस्तरींनी जालन्याच्या भंगार बाजारात चपला झिजवल्या, आणि शेवटी तो सापडला त्यांच्याच परसदाराला. रहिमुन्निसाबींनी तो कित्येक वर्षं अडसर म्हणून लावला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मिस्तरींनी तो झटकन ओढायला हात घातला तर बी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "पहले जगा भरो," त्या म्हणाल्या. त्या जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात, घाईनं सोडवायला जावं तर आणखी आवळतात, रहिमुन्निसाबीही त्यातल्याच. मिस्तरींनी मुकाट्यानं बाजारातून नवी कडी आणली, बसवली, मग पाना हाती आला.

तेव्हापासून तो त्यांचा नियमच झाला. वस्तू उचलायची तर तिच्या जागी तेच काम करणारी दुसरी ठेवून यायची. तुळईखाली लोखंडी खांब उभा राहिला, गोठ्यात नवी दावण आली. मिस्तरींना या नियमाचा थोडा अभिमानही होता, आणि का नसावा?

राहता राहिलं पाचवं चाक, जीपच्या मागं टांगायचं. या चाकाची लोखंडी रिंग दोन अर्धांची असते, ताटावर ताट पालथं घालावं तशी, आणि दोन्ही अर्धं नटबोल्टनं आवळलेली. एक अर्ध मिळालं अंतरवाली सराटीच्या चौकात, चहाच्या गाड्यावर. त्यावर किटली उकळत होती. चहावाल्याला शेगडीची नवी जाळी देऊन मिस्तरींनी ते आणलं. दुसरं अर्ध बोरवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत होतं. चिंचेला टांगलेलं, घंटा म्हणून.

बोरवाडी म्हणजे रहिमुन्निसाबींचं माहेर. नवं लग्न झालेलं असताना मिस्तरींनीच मोठ्या ऐटीत ते शाळेला दिलं होतं. आता परत मागायला जायचं म्हणजे जिवावर आलं. म्हणून त्यांनी आधी एक देखणी पितळी घंटा घेतली आणि मग गेले. हेडमास्तर खूश झाले. पारावरची माणसं म्हणाली, "न्या की दाजी, तुमचंच हाय." एकानं तर झाडावर चढून साखळीसुद्धा सोडून दिली. इतकं सोपं काम आजवर कुठंच झालं नव्हतं.

घरी आल्यावर मिस्तरींनी त्या अर्ध्यावरचे जुने घाव ठोकून सरळ केले, गंज खरवडला, हिरवा रंग दिला, आवळून टायर चढवला. पाचवं चाक जीपच्या मागं लागलं त्या संध्याकाळी त्यांनी गाडीभोवती किती फेऱ्या मारल्या हे रहिमुन्निसाबी दारातून बघत होत्या.

डिसेंबरात जीप चालवून बघायची म्हणून मिस्तरी थेट सासुरवाडीला निघाले. शाळेपुढून जाताना मधल्या सुट्टीची घंटा होत होती. गाडी आणखी पळवून बघावी म्हणून गावाबाहेर ओढा ओलांडला तर हरभऱ्याच्या रानात बाया अजून खुरपतच होत्या. त्यात द्वारकाबाई होत्या, रहिमुन्निसाबींची शाळेतली मैत्रीण. मिस्तरींनी बांधाला गाडी लावली.

"काय द्वारकाबाई, जेवायचं न्हाई का आज?"

"घंटा कुठं झाली, दाजी?"

"झाली की! मी शाळेवरूनच आलो."

बायांनी एकमेकींकडं पाह्यलं. एकजण पदरात हसली. द्वारकाबाईंनी मुकादम लांब आहे हे बघून घेतलं, मग उभ्या राहिल्या.

"नवी घंटा लई गोड हाय. पण मारुतीच्या देवळापस्तोर येती अन् थांबती. जुनं चाक वढ्याच्या पल्याड ऐकू यायचं. ते वाजलं की आमी खुरपं खाली ठिवायचो, मंग मुकादम काही का म्हनंना. आता मोबाईल बांधावरच्या पिशवीत, अन् घड्याळ मुकादमाच्या खिशात. तो म्हनल तवा सुट्टी."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"गावच्या जावयाला न्हाई म्हनायचं असतं का?" द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमी हौसंनं मागितलं, गावानं दिलं." आणि त्या पुन्हा खाली बसल्या, कारण मुकादम इकडंच येत होता.

मिस्तरींना लाज वाटली. जावई म्हणून कुणी अडवलं नाही, आणि ते समजले की कुणाचं काही अडलं नाही. सासुरवाडीचा चहा न घेताच ते परत फिरले.

पण चाक सोडायला हात धजेना. प्रदर्शन तोंडावर आलेलं. त्यांनी दुसरा मार्ग काढून पाहिला. जालन्याहून ट्रकचा ब्रेक ड्रम आणला, रुळाचा तुकडा आणला, एका पिठाच्या गिरणीचं चाक आणलं. एकेक गॅरेजच्या कडीला टांगून वाजवायचं आणि रहिमुन्निसाबींनी दूर तहसील कचेरीच्या कोपऱ्यावर उभं राहून ऐकायचं. बाजारातले लोक बघून हसायचे. बी दर वेळी परत येऊन मान हलवायच्या. माहेरी गेल्या की तो आवाज त्या वर्षानुवर्षं ऐकत आल्या होत्या, त्यांना कोण फसवणार?

"पर मैं तो जगा भरा था," मिस्तरी शेवटी कुरकुरले. "चोख पितल दिया."

"आवाज की जगा बी भरना पडता," बी म्हणाल्या, आणि परसदाराचा तो जुना पाना आणून त्यांच्या हातात दिला.

मिस्तरींनी टायर उतरवला, बोल्ट सोडले. कल्याणला फोन केला तर तो कळवळला, "चाचा, एवढ्यासाठी गाडी अपुरी ठरेल हो!" "ठरू दे," मिस्तरी म्हणाले. एक गाडी पुरी करायची होती त्यांना, दुसरं काही मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको दोघं जीपनंच बोरवाडीला गेले. हिरव्या रंगाचं ते अर्ध पुन्हा चिंचेला लागलं. घाव ठोकून सरळ केलेल्या लोखंडाचा आवाज तोच राहील का, हे मिस्तरींनाही माहीत नव्हतं. हेडमास्तरांनी लोखंडी दांडा पुढं केला. मिस्तरींनी तो रहिमुन्निसाबींच्या हातात दिला. बींनी डोक्यावरचा पदर सावरला आणि असे ठोके दिले की चिंचेवरची पाखरं उडाली.

मिस्तरी तोवर शाळेच्या पायरीवर चढून ओढ्यापलीकडं बघत होते. हरभऱ्याच्या हिरव्या रानात आधी एक लाल लुगडं उभं राहिलं. मग एक पिवळं. मग सगळी ओळ कंबर धरून उभी राहिली आणि बांधाकडं चालू लागली. मुकादम हात करत होता, त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. मिस्तरींनी चष्मा काढून पुसला. या वेळी बींनी त्यांना चिडवलं नाही.

सव्वीस जानेवारीला प्रदर्शनात जीप उभी राहिली, तिच्या मागं टायरविना अर्धी रिंग टांगलेली. गाड्या तपासणारे साहेब भोवती फिरले, वाकून खालून पाहिलं, पान्यापर्यंत सगळं हाताळलं आणि मागं येऊन थांबले.

"सगळं ओरिजिनल आहे, मिस्तरी. पण या चाकाचं दुसरं अर्ध कुठंय?"

"बोरवाडीला, साहेब," फकरोद्दीन मिस्तरी म्हणाले. "ड्युटीवर हाय."