आठवा रकाना

त्यांना सगळे उंचीवाले म्हणायचे. माणूस स्वतः जेमतेम पाच फूट तीन इंच, पण गाड्या उचलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. उचलण्यात म्हणजे चोरण्यात नव्हे हो. कच्च्या वाटांवर, दगडधोंड्यांतून पिकअप घालायची हौस असलेली मंडळी त्यांच्याकडे यायची आणि गाडीचं पोट जमिनीपासून दोन, चार, सहा इंच वर करून घेऊन जायची. मागच्या चाकांवरचे पोलादी पात्यांचे नवे पाटे, नव्या स्प्रिंगा, लांब शॉकअप, थोराड टायर. तीस वर्षं हेच काम केलं त्यांनी, आणि चोख केलं.

गिऱ्हाईक आलं की आधी वही निघायची. वहीत सात रकाने. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत चारही बाजूंची उंची हे पहिले चार. मग गाडीच्या पोटाखालची जागा, मग कायमचं वजन किती, आणि सातवा रकाना म्हणजे गाडी जाणार कुठे. हे सात भरल्याशिवाय उंचीवाले एका नटालाही पाना लावायचे नाहीत. "सहा इंच करा," म्हणत कुणी घाई केली तर चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "मागे सामान काय टाकणार ते आधी सांगा. रिकाम्या गाडीला कडक पाटे घातले तर हाडं खिळखिळी होतील तुमची, मग मला शिव्या घालाल." पाट्याखाली नुसते ठोकळे सरकवून उंची वाढवणाऱ्यांचा तर त्यांना असा तिटकारा, की विषय निघाला की त्यांचा चहा गार व्हायचा.

आता एवढ्या हुशार माणसाच्या वहीत आठवा रकाना का नव्हता, ते ऐका.

उंचीवाल्यांची बायको वाचनालयात होती. पुस्तक परत करायची तारीख बारीक, रेखीव अक्षरात लिहून द्यायची. जन्मभर तेच केलं. रविवारी दोघं त्यांच्या जुन्या, साध्या पिकअपमधून गावाबाहेरच्या पठारावर जायची. तिच्याकडे थर्मास आणि पुस्तक, यांच्याकडे काहीच नाही, कारण हे बॉनेट उघडून काहीतरी पिळत बसायचे. पठाराच्या कडेला एक कोरडा ओढा होता, त्यात हे मोठाले दगड. जुनी गाडी तिथे थांबायची. एकदा तिनं पुस्तक मिटलं आणि सहज विचारलं, "अहो, पलीकडे काय असेल हो?"

झालं! उंचीवाल्यांच्या डोक्यात किडा शिरला. बायकोला पलीकडे न्यायचंच. जुनी गाडी विकली, नवी घेतली आणि महिनाभर गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून स्वतःच्या गाडीला सामान निवडत बसले. एवढ्या मायेनं त्यांनी आयुष्यात काही निवडलं नसेल. पुढे किती कडक स्प्रिंग, मागे किती पात्यांचा पाटा, शॉकअप कुठले, ब्रेकचा पाइप किती लांब, सगळं तीन-तीनदा ताडून पाहिलं. तिच्या पाठीला धक्का नको म्हणून शॉकअप सगळ्यांत मऊ घेतले. शेवटी उंची ठरली सहा इंच, वर टायरचे दोन.

ती कारखान्यात डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "दोन इंच पुरे नाही का होणार? मला काय, अलीकडूनही दिसतं."

"तुला त्यातलं कळत नाही," उंचीवाले म्हणाले. तेही खरंच होतं, तिला कळत नव्हतं. तिला फक्त तिचा गुडघा कळत होता.

गाडीच्या दाराखालची पायरीही त्यांनी काढून टाकली, कारण ती दगडाला लागते. ती म्हणाली, "पायरी तेवढी ठेवा ना." तर म्हणाले, "अगं, पहिल्याच ओढ्यात उखडून येईल ती."

गाडी तयार झाली. काय दिसत होती म्हणून सांगू! रस्त्यावरची माणसं वळून बघायची. पहिल्या रविवारी कारखान्याच्या दारात चार-पाच हौशी गिऱ्हाइकं जमलेली, आणि त्यांच्यासमोर बाईंना गाडीत चढता येईना. डावा पाय वर टाकला, दाराचा दांडा धरला, अर्ध्यावर गेली आणि खाली आली. दुसऱ्यांदा तेच. मग ती हळूच आत गेली आणि कारखान्यातलं लाकडी स्टूल घेऊन आली. कुणीतरी हसलं. वाईट मनानं नव्हे, पण हसलं.

उंचीवाल्यांनी ते स्टूल तिच्या हातातून काढून घेतलं. "माझ्या गाडीला स्टूल? लोक काय म्हणतील!" आणि तिला काखेत हात घालून, पोतं चढवावं तसं वर चढवलं.

त्या रविवारी ते ओढ्यापर्यंतही गेले नाहीत. ती म्हणाली, "डोकं दुखतंय, घरी चला."

पुढच्या रविवारी तिला कंटाळा आला होता. त्याच्या पुढच्या रविवारी पुस्तक संपवायचं होतं. मग कुणाचं तरी बाळ बघायला जायचं होतं. उंचीवाल्यांना राग आला. कुणालाही आला असता म्हणा. ज्या माणसानं महिनाभर जीव ओतून गाडी केली, त्याच्याबरोबर यायला हिला कंटाळा येतो! ते घुम्यासारखे एकटेच पठारावर जाऊ लागले. ओढा त्यांनी एकदाही ओलांडला नाही. दगडांच्या अलीकडे गाडी उभी करायची आणि बसून राहायचं. पलीकडे तिच्याशिवाय जाण्यात त्यांना राम वाटेना. पण हे त्यांनी तिला सांगितलं का? छे! ते कसं सांगणार? घरी येऊन उलट म्हणायचे, "मजा आली."

मध्येच एकदा त्यांची पोलादी टेप हरवली. जुनी, कडेला पिवळा रंग उडालेली, पण हाताला सवयीची. घर डोक्यावर घेतलं त्यांनी. ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "असेल हो कुठेतरी. पाय फुटलेत का तिला?"

असे पाच महिने गेले.

एका मंगळवारी सकाळी तिच्या छातीत कळ आली. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. उंचीवाले धावत किल्ली घेऊन बाहेर गेले, दार उघडलं, तिला धरून आणलं आणि दारासमोर थांबले. गाडीचा तळ तिच्या मांडीला लागत होता. त्यांनी तिला उचलायचा प्रयत्न केला, पण आज तिचा सगळा भार त्यांच्यावर आला आणि तिचा पाय निसटला. तेवढ्यात शेजारीणबाईंनी त्यांची चिमुकली गाडी काढली. ती त्या गाडीत अलगद बसली, आणि दार लावताना नवऱ्याला म्हणाली, "अहो, घराला कुलूप लावून या. घाबरू नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली. उशीर झाला म्हणून नव्हे. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि ते खरं होतं. पण उंचीवाल्यांच्या दारात एवढी मोठी गाडी उभी होती आणि त्यांची बायको शेवटची गेली ती दुसऱ्याच्या गाडीतून, हेही खरं होतं.

दहा-बारा दिवसांनी, पाहुणेरावळे पांगल्यावर, ते परसात कपडे वाळत घालायला गेले. हे काम त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला, पाण्याच्या पाइपजवळ, विटा रचलेल्या दिसल्या. न्हाणीघराच्या दुरुस्तीतून उरलेल्या. दोन-दोन शेजारी, असे सात थर, अगदी नीट रचलेले. शेजारी पत्र्याचा डबा. डब्यात पेन्सिल आणि त्यांची टेप.

टेप बघून त्यांना आधी रागच आला, सवयीनं. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

भिंतीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. सगळ्यांत वर, जमिनीपासून तीस इंचांवर एक ठळक रेघ आणि शेजारी लिहिलेलं: गाडी. खाली, वाचनालयातल्या त्याच बारीक रेखीव अक्षरात, प्रत्येक रेघेपुढे तारीख. नऊ इंच, जमलं. बारा इंच, जमलं. पंधरा, जमलं, गुडघा दुखला. अठरा, तीनदा. एकवीस, एकदाच, पाइप धरून.

आणि त्याखाली: राहिले नऊ.

ती शेवटची तारीख त्या मंगळवारच्या आदल्या शनिवारची होती.

उंचीवाले तिथेच, ओल्या जमिनीवर, ओला टॉवेल मांडीवर घेऊन बसले. शेजारीणबाईंनी कुंपणावरून पाहिलं आणि त्या इकडे आल्या.

"भाऊजी, तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"वाचनालयातून आल्या की रोज दुपारी चढायच्या. तुम्ही कामावर असताना. मी रागवायची, ताई पडाल, हातपाय मोडून घ्याल! तर म्हणायच्या, यांना सांगू नकोस हं. एक दिवस गाडीचं दार उघडून टुणकन चढून बसणार आहे. तोंड बघायचंय यांचं." बाईंनी त्यांच्या मांडीवरचा ओला टॉवेल उचलून दोरीवर टाकला. मग म्हणाल्या, "आणि म्हणायच्या, यांना एकट्यानं पलीकडे जाववत नाही, मला ठाऊक आहे. गाडीच्या चाकाला ओढ्यातल्या दगडाचा ओरखडा कधी नसतो."

"तिला कळलं होतं," उंचीवाले म्हणाले आणि मोठ्यानं रडले. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कारखान्याचं दार आतून लावलं आणि स्वतःची गाडी वर घेतली. सहा इंचांचं सगळं सामान काढलं. गाडीबरोबर आलेले मूळचे पाटे, स्प्रिंगा आणि टायर कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून होते, ते चढवले. टेप लावली. जमिनीपासून दारातल्या तळापर्यंत बावीस इंच. एक इंच जास्त.

मग हा माणूस, ज्यानं जन्मभर दबलेल्या स्प्रिंगा नाक मुरडून भंगारात फेकल्या, तो भंगाराच्या ढिगात शिरून दबलेली जोडी हुडकत बसला. एक उचल, माप, टाक. दुसरी उचल, माप, टाक. एवढ्या काळजीनं त्यांनी पूर्वी एकदाच सामान निवडलं होतं. दुपारी बरोबर एक इंच दबलेली जोडी मिळाली. मागच्या पाट्यातलं एक पातं कमी केलं. टेप पुन्हा लावली, पण तोवर डोळ्यांपुढचे आकडे धूसर झाले होते. चष्मा पुसून पाहिलं. अजून पाव इंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तेही बसवलं, आणि दाराखालची पायरीही लावली.

आता या गाडीनं ओढा ओलांडणं शक्य नव्हतं. पहिल्याच दगडाला पोट घासलं असतं. पण अलीकडे तरी ती बसली असती, थर्मास आणि पुस्तक घेऊन.

दुपारी गाडी त्यांनी परसामागच्या बोळात आणली. डावं दार उघडलं, टेप लावली. एकवीस. शेजारीणबाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या, त्या कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.

"किती दिवस लागले हो हे करायला?" त्यांनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

उंचीवाल्यांनी टेप गुंडाळली. वही काढली, सात रकान्यांच्या पुढे एक रेघ ओढली, आणि वर लिहिलं: चढणार कोण. त्याखालची जागा कोरी ठेवली. वही तशीच उघडी धरून ते भिंतीवरच्या रेघांकडे बघत राहिले.

"ती पाच महिने चढत होती, वहिनी," ते म्हणाले. "मला खाली यायला दीड दिवस लागला."