प्रश्न सदतिसावा: हिस्टोनवरचा भार

सकाळचे सहा चाळीस. लातूरच्या एका क्लासच्या स्टाफरूममध्ये जीवशास्त्राच्या उज्वला मॅडम रविवारच्या चाचणीतला सदतिसावा प्रश्न पुन्हा वाचत होत्या. हिस्टोन प्रथिनांवर कोणता विद्युतभार असतो? आन्सर कीमध्ये छापलं होतं: ऋण.

बरोबर उत्तर धन. डीएनएवर ऋणभार असतो, म्हणून तो धनभारित हिस्टोनना चिकटून त्यांच्याभोवती गुंडाळला जातो. तसं झालं नाही, तर दोन मीटरचा हा धागा पेशीच्या केंद्रकात मावणार नाही. हिस्टोनचे आठ रेणू एकत्र असतात, म्हणून मॅडमनी गेल्या आठवड्यात आठ लिंबं रुमालात बांधून त्यांवर दोरी गुंडाळून दाखवली होती.

चूक क्लासच्या छापील नोट्समध्येच होती. चाचणी नोट्सवरून निघते हे पोरांना ठाऊक. बहुतेकांनी नोट्समधलं उत्तर दिलं. मुखेडच्या शिवकन्यानं धन लिहिलं. चार गुण गेले, वर एक कापला. तेवढ्यानं ती पहिल्या बॅचमधून तिसऱ्या बॅचमध्ये घसरली.

मॅडम संचालक अमृतरावांकडे गेल्या.

"सर, की चुकलीय."

"हाव, पाह्यलं मी."

"मग बदला."

"कशी बदलू? पालकांना रात्रीच मेसेज गेलेत. एक रँक हलली की शंभर फोन येतेत."

"पोरीचं उत्तर बरोबर आहे."

"पुढच्या छपाईत बघू. आन् लिंबं कशाला आणता वर्गात? नुसत्या नोट्स वाचल्या असत्या तर पोरगी वाचली असती."

उज्वला मॅडम किल्लारीजवळच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव पडलं तेव्हा त्या तिसरीत होत्या.

"सर, आमचं अख्खं गाव पडलं, तरी शाळा पत्र्याच्या शेडात भरली. तुमच्याच्यानं एक मेसेज फिरववत न्हाई?"

"तवा मोबाईल कुठं होते, मॅडम?" अमृतराव म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

जिन्यात शिवकन्या दप्तर घेऊन उभी होती.

"मॅडम, आता काय लिहू?"

"नीटच्या परीक्षेत धन."

"आन् येत्या रविवारी?"

तेवढ्यात तासाची घंटा झाली. शिवकन्या वर गेली.

दुपारी वेळापत्रक लागलं. उद्या सात वाजता पहिल्या बॅचला चाचणीची उत्तरचर्चा आहे, सदतिसाव्या प्रश्नासह. ती उज्वला मॅडम घेतील. तिसऱ्या बॅचला त्याच वेळी, वरच्या मजल्यावर, भौतिकशास्त्र आहे.